पाकीट, पातेलं आणि कांद्याचं सूप

कांद्याच्या सूपच्या कोरड्या मिश्रणाबद्दल घरोघर दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहींच्या मते पाकीट फोडून उकळत्या पाण्यात टाकलं की फ्रेंच ओनियन सूप तयार. काहींच्या मते त्या पाकिटात केमिकलशिवाय काही नसतं, तेव्हा घरच्या स्वयंपाकात त्याला जागाच नको. मला दोन्ही मतं अर्धवट वाटतात. पाकिटातली पूड मीठ, चवीची भर आणि दाटपणा ही तीन कामं चोख करते. कांदा पाऊण तास परतल्यावर येणारा गोडवा आणि खरपूस वास मात्र तिच्याकडे नसतो. ही कामाची वाटणी ध्यानात आली की पाकीटही उपयोगी पडतं आणि सूपही मनासारखं होतं. त्यासाठी आधी काही समजुती बाजूला ठेवाव्या लागतील.

पहिली समजूत पाककृतीच्या पुस्तकांनीच पसरवली आहे: ‘कांदा दहा मिनिटं तांबूस होईपर्यंत परता.’ दहा मिनिटांत कांदा मऊ होतो, पारदर्शक होतो, कडेने करपतोही. पण सूपला लागतो तसा गडद, चिकट, गोड होत नाही. टॉम स्कोका या अमेरिकी पत्रकाराने २०१२ मध्ये ‘स्लेट’ मासिकात या छापील वेळांचा चांगलाच समाचार घेतला होता. त्याने स्वतः करून पाहिलं, तेव्हा मोठ्या आचेवर सतत हलवत राहूनही २८ मिनिटं लागली आणि सावकाश केलं तेव्हा ४५.

असं का होतं, हे कांद्याच्या पोटात पाहिलं की कळतं. १०० ग्रॅम कांद्यात साधारण ८९ ग्रॅम पाणी असतं आणि साखर जेमतेम चार ग्रॅम. पातेल्यात पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. रंग आणि खरपूस वास देणारी प्रक्रिया, जिचं वर्णन लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं, ती जोमाने चालते त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला. त्यामुळे पहिली वीस-पंचवीस मिनिटं आपण कांदा भाजत नसतो, त्यातलं पाणी आटवत असतो. हा वेळ घाईने वाचवता येत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर रंग लवकर चढतो हे खरं आहे, पण सोड्याने कांद्याच्या पेशींच्या भिंती विरघळू लागतात आणि पाकळ्यांचा लगदा होतो. सूपमध्ये चमच्याला लागणारा कांद्याचा धागा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून मी सोडा घालणार नाही. साखरही घालायलाच हवी असं नाही. ज्यूलिया चाइल्डच्या १९६१ च्या प्रसिद्ध पुस्तकातल्या कृतीत ती थोडीशी आहे, पण ती रंगाला हातभार म्हणून. किलोभर कांद्यात स्वतःचीच चाळीसेक ग्रॅम साखर असते.

यालाच जोडून दुसरी समजूत येते: सूपला गोड कांदाच हवा. कच्चा खाताना जो कांदा गोड लागतो त्यात साखर जास्त असतेच असं नाही. त्यात तिखटपणा आणणारी गंधकाची संयुगं कमी असतात, म्हणून असलेली साखर जिभेला कळते. अलिबागचा पांढरा कांदा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे, आणि त्याची खरी शान जेवताना कच्चा खाण्यात आहे. सूपसाठी उलट डोळ्यांतून धारा काढणारा, चाळीत महिनोन् महिने टिकणारा नाशिककडचा उन्हाळ कांदा घ्यावा. टिकाऊ कांद्यात पाणी कमी आणि घन पदार्थ जास्त असतात. तिखटपणा लांब शिजवण्यात उडून तरी जातो किंवा त्याचं रूप बदलतं. खरिपाचा लाल कांदा पाणीदार असतो, तो आटायला वेळही जास्त घेतो आणि शेवटी उरतोही कमी.

गंधकाच्या याच संयुगांमुळे शाकाहारी घराला एक मोठी देणगी मिळते. मूळ फ्रेंच कृतीत बहुधा गोमांसाचा रस्सा असतो, त्यामुळे ‘मांसाच्या रश्शाशिवाय हे सूप होतच नाही’ असं पुष्कळांना वाटतं. पण कांदा चिरल्यावर आणि मग पाण्यात शिजवल्यावर त्यातून गंधकयुक्त असं एक संयुग तयार होतं, ज्याचा वास थेट मांसाच्या रश्शासारखा असतो. त्याचं अवघड नाव ३-मर्कॅप्टो-२-मिथाइलपेंटॅन-१-ऑल. अगदी अत्यल्प प्रमाणातही नाकाला ते जाणवतं. म्हणून परतलेल्या कांद्यावर पाणी घालून लगेच वाढू नये. मंद आचेवर अर्धा तास उकळू द्यावं. साध्या पाण्याचाच रस्सा होतो.

आता पाकिटाकडे वळू. ‘पाकिटात सडका, उरलासुरला कांदा वाळवून घालतात’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. वाळवणाच्या कारखान्यांना लागणारा कांदा बाजारातल्या उरलेल्या ढिगातून घेतला तर त्यांचाच तोटा होईल. त्यांना पांढरा कांदा लागतो, कारण लाल कांदा वाळल्यावर रंग बिघडतो. आणि घन पदार्थ भरपूर असलेला लागतो, कारण पाणी उडवायला इंधनाचे पैसे पडतात. जातीनुसार सात ते दहा किलो ताज्या कांद्यातून किलोभर वाळलेला कांदा मिळतो, ज्यात पाणी पाच टक्क्यांच्या आसपास राहतं. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातलं महुवा या धंद्याचं मोठं केंद्र आहे. आपल्याकडे जळगावच्या जैन इरिगेशनने खानदेशातल्या शेतकऱ्यांशी करार करून खास वाळवणासाठीच्या पांढऱ्या कांद्याची लागवड करवून घेतली. हा माल परदेशी जातो, त्यामुळे दूर देशातल्या दुकानातल्या सूपच्या पाकिटात आपल्या मातीतला कांदा असणं अगदी शक्य आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

मात्र हा कांदा वाळवलेला असतो, परतलेला नसतो. सूपला येणारा तपकिरी रंग पाहून आपण फसतो. पुष्कळ पाकिटांत तो रंग कॅरॅमल रंगाचा असतो. घटकांच्या यादीत १५० हा आकडा आणि पुढे एखादं अक्षर दिसलं तर तो हाच. हा रंग परवानगी असलेला आहे, त्यात घाबरण्याजोगं काही नाही. पण त्याला परतलेल्या कांद्याची चव नसते, आणि पाकीट एकटं का फिकं पडतं याचं उत्तर इथेच आहे.

‘महिनोन् महिने टिकतं, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह ठासून भरलेले असणार’ हा तर्क वरवर बरोबर वाटतो. पण पापड, कुरडया आणि सांडगे वर्षभर टिकतात ते ज्या कारणाने, त्याच कारणाने ही पूड टिकते: जंतूंना वाढायला लागणारं पाणीच तिच्यात नसतं. यादीत ५५१ दिसलं तर ते सिलिकॉन डायऑक्साइड, पुडीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. ओला चमचा घातला की हे टिकणं संपलं, आणि पाणी घालून केलेलं सूप तर ताज्या सूपइतकंच नाशवंत. दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जायला हवं.

सगळ्यात जास्त भीती असते ती एमएसजीची, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटची. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळापासून काढलेल्या रश्शात ग्लुटामेट शोधलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. हाच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये आपोआप असतो. त्याची बदनामी सुरू झाली १९६८ मध्ये. रॉबर्ट हो मन क्वोक या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो. त्यांनी मांडलेल्या शक्यतांपैकी एमएसजी ही फक्त एक होती, पण लोकांच्या लक्षात तेवढीच राहिली. पुढे कोणाला काय दिलं आहे हे न सांगता केलेल्या चाचण्यांत जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात असा त्रास सातत्याने दिसला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम. प्रमाण पाहून खावं, इतकंच यातून निघतं.

इथे लेबल नीट वाचायची सवय हवी. ‘एमएसजी घातलेलं नाही’ असं लिहिलेल्या पाकिटात यीस्टचा अर्क किंवा हायड्रोलाइझ्ड प्रथिनं असतील, तर त्यांतून ग्लुटामेट येतोच. ६२७, ६३१ किंवा ६३५ हे आकडे ग्लुटामेटची चव कैक पटींनी खुलवणाऱ्या पदार्थांचे. यातला ६३१ मासे किंवा मांसापासूनही काढता येतो, आंबवण्याच्या प्रक्रियेनेही मिळतो. भारतातल्या पाकिटावर हिरवी खूण असली की प्रश्न मिटतो. अमेरिकेतून कोणी भेट आणलेल्या पाकिटावर ही खूण नसते, आणि तिथे कांद्याच्या सूपचे गोमांसाच्या चवीचे प्रकारही मिळतात. शाकाहारी घराने ती यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी.

एमएसजीच्या भीतीत खरी काळजीची गोष्ट निसटते, ती म्हणजे मीठ. एमएसजीत सोडियम साधारण १२ टक्के, साध्या मिठात ३९. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी. लेबलवरच्या सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा मिळतो. तो आकडा एका वाढणीचा आहे, शंभर ग्रॅम पुडीचा आहे की तयार सूपचा, हे आधी पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मीठ पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर समजून घ्या. पाकीट, वर स्टॉक क्यूब, वर चीज आणि सवयीने चमचाभर मीठ, असं चारही बाजूंनी मीठ घालणारे पुष्कळ असतात. रक्तदाब असलेल्या माणसाच्या ताटात हे सूप ‘हलकं’ म्हणून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

हलकं म्हणण्याबद्दल आणखी एक. कांद्यातली फ्रुक्टान नावाची शर्करा आपल्या आतड्यात पचत नाही, ती मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात. ज्यांचं आतडं नाजूक आहे त्यांना त्याने पोट फुगतं, कळ येते. अशांसाठी कांदा गाळून नुसतं पाणी देण्याचा उपयोग नाही, कारण फ्रुक्टान पाण्यात विरघळतात आणि सूपमध्ये उतरलेले असतात. तेलात ते विरघळत नाहीत, म्हणून कांद्याचा वास उतरवून गाळलेलं तेल अशा लोकांना चालतं. आणि घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर उरलेलं सूप त्यांना मुळीच देऊ नये. कांद्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि कांद्याची पूड तर ताज्या कांद्याहून घातक.

आता कृती. चार जणांसाठी किलोभर उन्हाळ कांदा उभा पातळ चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे लोणी आणि चमचाभर तेल तापवून कांदा घाला, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं वाफवा. मग झाकण काढून अर्धा तास किंवा थोडं अधिक परता. बुडाला तपकिरी थर धरू लागला की दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने खरवडा आणि कांद्यात मिसळा; सूपचा जीव त्या थरात आहे. कांदा गडद तांबूस होऊन वाटी-दीड वाटी उरला की सव्वा लिटर पाणी, एक तमालपत्र आणि थोडे ठेचलेले मिरे घालून अर्धा तास उकळू द्या.

पाकीट आता, शेवटी. चार वाढण्यांच्या पाकिटातली निम्मीच पूड घ्या आणि ती आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. उकळत्या पाण्यात थेट टाकली तर तिच्यातलं कॉर्नफ्लॉवर बाहेरून लगेच फुगतं, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. कालवलेली पूड सूपमध्ये ओतून पाच मिनिटं उकळा, चमचाभर व्हिनेगर घाला, चव घ्या, आणि मग ठरवा मीठ हवं का. बहुतेकदा लागत नाही.

वरचा चीजचा पाव ओव्हनशिवाय होत नाही, ही समजूतही सोडून द्या. पावाचे जाड काप तव्यावर कडक भाजा, वर चीज किसून झाकण ठेवा आणि वितळलं की सूपवर सोडा. अस्सल ग्रुयेर वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं. भारतातलं हिरव्या खुणेचं चीज त्याशिवाय बनतं आणि इथे छान चालतं. पॅरिसच्या ले आल या घाऊक बाजारात रात्रभर राबणारे हमाल आणि विक्रेते हेच सूप पहाटे पीत. १९६९ मध्ये तो बाजार शहराबाहेर रुंजिसला गेला. श्रीमंती उपाहारगृहाचा पदार्थ म्हणून त्याला बिचकण्याचं कारण नाही. ज्या घरांत चातुर्मासात कांदा वर्ज्य असतो, तिथे आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीच्या दिवशी, भज्यांच्या जोडीला हे सूप पावसात फार शोभेल.

उरलेलं निम्मं पाकीट घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा. १९५४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये कोणीतरी सूपची अशीच पूड आंबट सायीत कालवून डिप केलं, आणि १९५८ पासून लिप्टनने ती कृती पाकिटावरच छापली. आपल्याकडे आंबट सायीऐवजी दही फडक्यात टांगून केलेला चक्का घ्यावा. पूड कालवल्यावर तो दोन तास फ्रीजमध्ये ठेवायला विसरू नका, म्हणजे वाळलेला कांदा ओलावा पिऊन मऊ होतो. गाजर-काकडीच्या फोडींसोबत हे डिप मुलं आवडीने खातात. मीठ इथेही वरून घालायचं नाही.