जत्रेचा पाळणा आणि थीम पार्कचे तिकीट

श्रोतेहो, गावच्या जत्रेत मुलाला पाळण्यात बसवायचे असले म्हणजे आपण काय करतो? खिशातून एका फेरीचे पैसे काढून पाळणेवाल्याच्या हातावर ठेवतो. मूल उतरले, "अजून एकदा" म्हणाले, तर खिसा चाचपून पाहतो आणि जमत असेल तर आणखी एक फेरी. नसेल जमत तर गोडीशेवेचा पुडा घेऊन घरची वाट धरतो. जत्रेत पैसा थोडा थोडा सुटतो, आणि कुठे थांबायचे ते आपल्या हातात राहते.

मोठ्या शहरांच्या आसपास जी थीम पार्के निघाली आहेत, त्यांचा व्यवहार याच्या अगदी उलट असतो. थीम पार्क म्हणजे एखादी गोष्ट, एखादा काळ किंवा एखादा सिनेमा धरून रचलेले करमणुकीचे उद्यान. तिथे दारातच एकदा तिकीट काढायचे आणि मग दिवसभर पाळणे, आगगाड्या, नावा यांत हवे तितके बसायचे. पैसा एकदम सुटतो. नंतर थांबून काही वाचत नाही. म्हणून आजच्या बोलण्यात मला एवढेच सांगायचे आहे, की जत्रेचा हिशेब जत्रेत केला तरी चालतो, थीम पार्कचा हिशेब मात्र घरूनच करून निघावे लागते. तो केला नाही म्हणजे एका दिवसाच्या मौजेसाठी सहा महिने उसनवारी फेडण्याची पाळी येते.

ही एका तिकिटाची पद्धत पहिल्यापासून नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा तिथेही आपल्या जत्रेसारखेच होते. आत जाण्याचे पैसे वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे. त्याच वर्षी कुपनांची पुस्तके निघाली. साध्या खेळाला हलके कुपन, मोठ्या खेळाला भारी कुपन. ही कुपने १९८२ साली बंद झाली आणि एकाच तिकिटात दिवसभराचे सगळे खेळ आले. आपल्याकडे दिल्लीत १९८४ साली अप्पू घर निघाले होते, मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड निघाले, आणि २०१३ साली रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. आपल्या भागातील मुले हल्ली ज्याचे नाव घेऊन हट्ट धरतात ते बहुधा हेच. म्हणून उदाहरणाला तेच घेऊ.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. सातारा जिल्ह्यातले शेतकरी कुटुंब. नवरा, बायको, शहात्तर वर्षांची आजी, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. खाली जे आकडे सांगतो ते केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. खरे दर निघण्याआधी आपण विचारून घ्यावेत.

पहिला खर्च प्रवासाचा. एस.टी.चे खोपोलीपर्यंतचे पूर्ण भाडे माणशी ३०० रुपये धरू. पाच जणांचे जाऊन-येऊन ३००० रुपये होतील असे वाटते. पण नीट मोजा. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत बायकांना एस.टी.चे भाडे निम्मे झाले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असतेच. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ सालापासून प्रवास मोफत आहे. तेव्हा नवऱ्याचे ३००, बायकोचे १५०, दोन्ही मुलांचे मिळून ३०० आणि आजीचे काही नाही. एका वेळचे ७५०, जाऊन-येऊन १५००. खर्च निम्म्यावर आला. मात्र आजीचे वय दाखवणारे ओळखपत्र पिशवीत वर ठेवा, ट्रंकेच्या तळाला नको. "आवडेल तेथे प्रवास" हा एस.टी.चा पास चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो, परंतु तो घेण्याआधी सवलतीच्या भाड्याशी ताडून पाहा. पुष्कळ गावे फिरायची असतील तरच तो परवडेल.

दुसरा खर्च मुक्कामाचा. इथे पुष्कळ जण चुकीची काटकसर करतात. मुक्कामाचे पैसे वाचवायचे म्हणून पहाटे घरून निघायचे आणि दुपारी दोनला पार्काच्या दारात पोचायचे. आता हिशेब करा. तिकीट १२०० रुपयांचे आणि पार्क आठ तास उघडे असेल, तर एका तासाची किंमत १५० रुपये पडली. चार तास उशिरा पोचलात म्हणजे माणशी ६०० रुपये दारातच सांडले. त्यापेक्षा आदल्या रात्री जवळपास मुक्काम करून सकाळी दार उघडताना हजर राहणे केव्हाही स्वस्त.

इमॅजिका हे खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पालीचा बल्लाळेश्वर आणि खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक ही अष्टविनायकांतली दोन्ही स्थाने याच बाजूची. पालीला देवस्थानचे भक्तनिवास आहे. तिथे उतरले तर आजीचे दर्शन होते आणि मुलांचे पार्कही होते. आजी म्हणेल, "मला कशाला नेता त्या पाळण्यांत?" तर तिला सांगता येईल, "आई, तुम्हांला गणपतीला नेतोय, येताना पोरांचं बघू." खोली आधी विचारून ठेवावी. चतुर्थीच्या सुमारास तिथे गर्दी असते. दोन रात्रींचे १६०० रुपये धरू. पाली ते पार्क, पार्क ते पाली आणि इकडे-तिकडे रिक्षाचे ६००. संध्याकाळी परतायची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे सकाळी उतरतानाच विचारून घ्या.

तिसरा खर्च तिकिटाचा. जो दारातून आत जाईल त्याचे तिकीट लागते, मग तो पाळण्यात बसो वा न बसो. जत्रेसारखे "आम्ही नुसते बघतो" इथे चालत नाही. बऱ्याच ठिकाणी मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर असते, आणि वृद्धांना काही सवलत असते. दोघांचे २४००, आजीचे ९००, दोन मुलांचे १८००, एकूण ५१०० रुपये धरू. दर रोज सारखा नसतो. शनिवार-रविवारी, नाताळात, दिवाळीच्या ऐन दिवसांत आणि मे महिन्यात तो चढतो. गर्दीही तेव्हाच होते, म्हणजे पैसे जास्त देऊन रांगेत जास्त उभे राहायचे. आपल्या शाळांना दिवाळीची सुट्टी भाऊबीज उलटल्यावरही काही दिवस असते. शहरातल्या कचेऱ्या तेव्हा उघडलेल्या असतात. त्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार गाठावा. सुगीही बहुतेक आटोपलेली असते. मात्र पार्क त्या दिवशी उघडे आहे ना, याची खात्री करून घ्यावी. पावसाळ्यात तिकीट स्वस्त दिसले तरी जपून. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, तिथला पाऊस आपल्या माणदेशी पावसासारखा नव्हे. जोराचा पाऊस आला, विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे मोठे खेळ बंद ठेवतात.

तिकीट मोबाइलवर काढायचे तर पार्काच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच काढावे. कोणी निम्म्या किमतीत तिकीट देतो म्हणून निरोप पाठवला तर त्याला पैसे पाठवू नयेत. सांगितलेला दर कर धरून आहे की कर सोडून, हेही पाहावे. पाण्याच्या खेळांचे पार्क शेजारी असले तरी त्याचे तिकीट निराळे असते. दोन्ही एका दिवसात करू गेल्यास एकाचेही पैसे वसूल होत नाहीत. रांग टाळण्यासाठी जादा पैशांचे तिकीट असते, तेही आडवारी गेल्यास लागत नाही.

चौथा खर्च खाण्याचा. बहुतेक पार्कांत बाहेरचे अन्न आत नेऊ देत नाहीत. म्हणून सकाळी भाकरी, चटणी, पिठले असे भरपेट खाऊन मगच दारात जावे. आत दुपारचे एकच जेवण, आणि संध्याकाळचे बाहेर आल्यावर. आतल्या जेवणाचे माणशी २५० प्रमाणे १२५०, बाकीच्या खाण्याचे १२००. सामान ठेवायची पेटी आणि किरकोळ खर्च ४०० रुपये. दारातून बाहेर पडताना खेळण्यांची दुकाने लागतात. मुलांना काय घ्यायचे आणि किती रुपयांपर्यंत, ते घरीच ठरवून या ४०० मध्येच बसवावे.

आता बेरीज करा. प्रवास १५००, रिक्षा ६००, मुक्काम १६००, तिकीट ५१००, खाणे २४५०, किरकोळ ४००. एकूण ११६५० रुपये. पाहा बरे, जाहिरातीत आपल्याला जो आकडा दिसतो तो तिकिटाचा, आणि तो सगळ्या खर्चाच्या निम्माही नाही! पुष्कळ घरे फसतात ती इथेच. तिकिटापुरते पैसे जमले की निघतात, आणि उरलेला खर्च उसना घेऊन भागवतात. अडीअडचणीला आणखी ११५० रुपये जोडा, म्हणजे १२८०० झाले. आठ महिने आधी ठरवले तर महिन्याला १६०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. दुधाच्या पैशातून, कोंबड्या-अंड्यांतून, घरातली माउली ते जमवू शकेल की नाही, हे तिला विचारूनच ठरवावे. जमत नसेल तर बेत पुढे ढकलावा, पण सावकाराकडे किंवा बचत गटाकडे यासाठी हात पसरू नये. बियाण्याला काढलेले कर्ज उगवून येण्याची आशा तरी असते. सहलीला काढलेले कर्ज उगवत नाही.

पैशाइतकीच आणखी एक गोष्ट घरून मोजून निघायची, ती म्हणजे मुलांची उंची. मोठ्या खेळांना ठराविक उंचीची अट असते, कारण अंगावरचा अडसर लहान देहाला नीट धरून ठेवत नाही. आठ महिने ज्या पाळण्याची स्वप्ने पाहिली त्याच्या पायरीवर "तू लहान आहेस" म्हणून मुलाला परत फिरवले, तर त्याच्या डोळ्यांतले पाणी कोणत्याही पैशाने पुसत नाही. म्हणून भिंतीशी उभे करून खूण करा, पार्काच्या माहितीशी ताडा, आणि "तुला हे तीन मिळतील, ताईला ते दोन" असे आधीच समजावा. रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी जोराच्या खेळांत बसू नये.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. शाळेची सहल अशा ठिकाणी नेण्याचा विचार असेल, तर आधी शिक्षण खात्याचे चालू नियम पाहावेत, लेखी परवानगी घ्यावी आणि पालकांची संमती घ्यावी. शैक्षणिक सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात गाडी देते. पण खरा प्रश्न गाडीचा नाही. चाळीस मुलांच्या वर्गात दहा मुले पैसे भरू शकत नाहीत. त्यांची नावे फळ्यावर लिहिली जातात, आणि सहलीच्या दिवशी ती घरी राहतात. त्यांना पार्क दिसत नाही, पण आपण गरीब आहोत हे मात्र साऱ्या वर्गापुढे दिसते. म्हणून खर्चाचा आकडा जूनमध्येच सांगावा, थोडे थोडे पैसे घ्यावेत, आणि कोणाचे आले, कोणाचे राहिले हे गुरुजींच्या वहीबाहेर जाऊ देऊ नये. तरीही अनेकांना झेपत नसेल तर ठिकाण बदलावे. मुंबईत वरळीला १९८५ साली उघडलेले नेहरू विज्ञान केंद्र आहे, पुण्यात कात्रजचे प्राणिसंग्रहालय आहे. तिथे खर्च पुष्कळ कमी लागतो, आणि सगळा वर्ग एका गाडीतून जातो.

शेवटी एक सुचवतो. हा हिशेब वडिलांनी एकट्याने करू नये. एक वही घ्या आणि ती अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती द्या. दर महिन्याला किती साठले, भाडे किती, जेवण किती, हे तिला मांडू द्या. टक्केवारी आणि सरासरी तिला शाळेतल्या गणितापेक्षा इथे लवकर कळेल. शिवाय स्वतः जोडलेल्या बेरजेतले पैसे खेळण्यांच्या दुकानात उधळायला मूल सहसा तयार होत नाही. तीच धाकट्या भावाला म्हणेल, "थांब रे, चारशेच आहेत आपल्याकडे."

आपला प्रवास सुखाचा होवो. नमस्कार.