गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतरची देखरेख

ऋण, अग्नि आणि रोग ह्यांचा शेष राहूं देऊं नये, असें आपले जुने लोक सांगत. ऋण फिटलें कीं नाहीं तें वहींत दिसतें. आग विझली कीं नाहीं तें राख ढवळून पाहतां येतें. रोगाचा शेष मात्र असा सहज दिसत नाहीं. तो वेळोवेळीं शोधावा लागतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्यामुळें जिचें गर्भाशय काढलें आहे, अशा स्त्रीनें पुढें कोणती तपासणी, किती दिवसांनीं आणि कशासाठीं करून घ्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहें. औषधोपचार सांगण्याच्या भरीस मी पडणार नाहीं. तज्ज्ञांनीं जें ठरविलें आहे तें सोप्या शब्दांत मांडणें एवढेंच माझें काम. विषय नाजूक आहे खरा. पण ह्या रोगाचें निम्मे बळ आपल्या संकोचांतच आहे, म्हणून तो बाजूस ठेवून ऐकावें, अशी विनंति आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत ह्या शस्त्रक्रियेस ‘पिशवी काढली’ असें म्हणतात. ‘पिशवी गेली, रोग गेला’ ही समजूत खेड्यांत आहे, तशीच ती शहरांतल्या शिकलेल्या घरांतहि आहे. ती कोठें चुकते, हें कळण्यासाठीं शरीराची रचना थोडी पाहिली पाहिजे. गर्भाशय हें उलट्या धरलेल्या नासपतीसारखें असतें. त्याचें खालचें निमुळतें टोंक म्हणजे गर्भाशयाचें मुख. तें योनिमार्गांत उतरलेलें असतें. कर्करोगासाठीं जी मोठी शस्त्रक्रिया करितात, तिची पद्धत व्हिएन्ना येथील एर्न्स्ट वेर्टहाइम ह्यांनीं १८९८ सालापासून रूढ केली. तींत गर्भाशयाबरोबर आजूबाजूचा भाग, योनिमार्गाचा वरचा कांहीं अंश आणि ओटीपोटांतील लसिकाग्रंथी काढितात. मग पोत्याचें तोंड शिवावें त्याप्रमाणें योनिमार्गाचें वरचें टोंक शिवून बंद करितात. पिशवी गेली, पण हें शिवलेलें टोंक मागें राहतें. आणि पहिली नजर ठेवावयाची ती त्याच जागेवर.

ह्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगपेशी काठाशीं किंवा ग्रंथींत मागें राहूं शकतात. दुसरें कारण रोगाच्या मुळाशीं आहे. हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूमुळें उद्भवतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांनीं १९८३ सालीं त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार ह्या रोगांत दाखवून दिला व त्या कार्याबद्दल त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणू केवळ गर्भाशयाच्या मुखाशींच राहतो असें नाहीं. योनिमार्गाच्या अस्तरांतहि तो वास्तव्य करूं शकतो. घर पाडलें तरी अंगणांत तण उगवावें, तसा हा प्रकार आहे.

आतां तपासणीचा क्रम पाहूं. रोग परत यावयाचा असल्यास तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. म्हणून पहिलीं दोन वर्षें दर ३ ते ६ महिन्यांनीं, पुढचीं तीन वर्षें दर ६ ते १२ महिन्यांनीं, आणि पांच वर्षांनंतर वर्षांतून एकदां दाखवावें, असा सर्वसाधारण दंडक आहे. रोग कितपत वाढलेला होता व शेक द्यावा लागला किंवा कसें, हें पाहून डॉक्टर ह्यांत कमीअधिक करितात.

ह्या भेटींत होतें तरी काय? डॉक्टर प्रथम विचारपूस करितात. मग मानेंतील, गळ्याच्या हांसळीच्या हाडावरील आणि जांघेंतील गांठी चाचपून पाहतात, पोट पाहतात, योनिमार्ग उघडून शिवलेलें टोंक डोळ्यांनीं पाहतात व बोटांनीं आंतून तपासतात. हें काम फार थोड्या मिनिटांचें आहे. ह्याशिवाय त्या टोंकावरील पेशी पुसून घेऊन कांचेच्या पट्टीवर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची चांचणी आहे. ग्रीस देशांत जन्मलेले जॉर्ज पापानिकोलाऊ ह्यांनीं तिचा उपयोग १९४१ सालीं जगापुढें मांडला, म्हणून तिला पॅप चांचणी म्हणतात. ती सामान्यतः वर्षांतून एकदां करितात. परंतु तिच्यावरच सर्व भार टाकूं नये. परतलेला रोग बहुतेक वेळां रोगिणीच्या तक्रारीवरून आणि हातानें केलेल्या तपासणींतच सांपडतो. शिवाय शेक घेतलेल्या जागेच्या पेशी बदललेल्या असल्यामुळें त्यांचा अर्थ लावणें कठीण जातें. चांचणी चांगली आली म्हणून डॉक्टरांची भेट टाळणें योग्य नव्हे.

कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं, तीं दिसतांच ठरलेल्या तारखेची वाट पाहूं नये. अंगावरून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाणें. ओटीपोटांत, कंबरेंत किंवा मांडींत सतत दुखणें. एकच पाय सुजणें. लघवीस अडथळा होणें किंवा तींतून रक्त जाणें. न थांबणारा खोकला. कारणावांचून वजन घटणें, हीं तीं लक्षणें. ह्यांतील प्रत्येक लक्षण कर्करोगाचेंच असतें असें नाहीं. ग्रंथी काढल्यामुळेंहि पाय सुजतो. पण तें ठरविण्याचें काम डॉक्टरांचें आहे, शेजारणीचें नव्हे.

‘रोग परतला तर कळून तरी काय उपयोग?’ असें पुष्कळ जण म्हणतात. उपयोग मोठा आहे. रोग त्या शिवलेल्या टोंकापुरताच परतला असेल आणि पूर्वीं शेक दिलेला नसेल, तर किरणोपचारांनीं तो पुष्कळदां पूर्ण बरा होऊं शकतो. तोच दूर पसरल्यावर सांपडला, तर वेदना कमी करणें व आयुष्य लांबविणें एवढेंच बहुधा हातीं उरतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. पिशवी काढलेल्या प्रत्येक स्त्रीस ही देखरेख लागते असें नाहीं. साध्या गांठींसाठीं मुखासह पिशवी काढली असेल आणि मुखाशीं पूर्वीं कधीं दोष आढळला नसेल, तर पॅप चांचणीची जरूरी नसते. मुख तसेंच ठेवून वरचा भागच काढला असेल, तर इतर स्त्रियांप्रमाणेंच चांचणी चालूं ठेवावी. कर्करोगाच्या आधींची गंभीर विकृति मुखाशीं आढळली असेल, तर अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०१९ सालीं ठरविल्याप्रमाणें प्रथम दरवर्षीं, तीन वेळां, आणि पुढें दर तीन वर्षांनीं, निदान २५ वर्षें विषाणूची चांचणी करावी. प्रत्यक्ष कर्करोग असेल, तर वर सांगितलेला संपूर्ण क्रम पाळावा.

ह्यांपैकीं आपण कोणत्या वर्गांत मोडतों हें सांगणारा कागद एकच : काढलेल्या पिशवीचा सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा अहवाल. आपल्या भागांत ह्याच कागदाची सर्वांत अधिक हेळसांड होते. शेजारच्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न २०१९ सालीं विधिमंडळांत गाजला. त्यासाठीं डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीपुढें आलेल्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें, म्हणजे शेंकडा सुमारें १७ जणींचें, गर्भाशय काढलेलें आढळलें. कित्येकींना ‘कर्करोग होईल’ अशी भीति घालण्यांत आली होती. आपल्या पाथर्डी व जामखेड ह्या तालुक्यांतूनहि तोडणीच्या टोळ्या निघतात. अशा स्त्रीस पिशवींत खरोखर काय होतें हें कोणी सांगितलेलें नसतें. जिला कांहीं नव्हतें ती जन्मभर भीत राहते. आणि कदाचित् जिच्या पिशवींत कर्करोग होता, तिला पुढचे उपचार लागतात हेंच ठाऊक नसतें. कारण साधी पिशवी काढल्यावर तींत कर्करोग निघाला, तर अगदीं आरंभीचा प्रकार सोडून शेक किंवा दुसरी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते.

ह्या बाबतींत आपला मुलूख अगदींच मागासलेला आहे असें मात्र समजूं नये. जामखेड येथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे ह्यांनीं खेड्यांतील अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांनाच आरोग्याचें शिक्षण देऊन गांवोगांव उभें केलें. १९७९ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जवळच बार्शी येथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही सुरू झाली. पुढें उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारें १,३१,००० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. विषाणूची चांचणी एकदांच केलेल्या गटांत ह्या रोगानें ३४ मृत्यु झाले. नेहमींचीच सोय असलेल्या जवळजवळ तेवढ्याच गटांत ६४ झाले. बोलावणें आलें तर आपल्या खेड्यांतल्या बायका तपासणीस येतात, हेंहि त्यांतून सिद्ध झालें.

बोलावणारें कोणी तरी हवें, हीच खरी अडचण आहे. पहिल्या वर्षीं घरचीं माणसें बरोबर जातात. दुसऱ्या वर्षीं सुगी आडवी येते, मुलीचें लग्न आडवें येतें, आणि बाई म्हणते, ‘मला कांहीं होत नाहीं, कशाला खर्च?’ आपल्यासारख्या शिकलेल्या कुटुंबांनीं येथें पुष्कळ करतां येण्याजोगें आहे. घरांतील आई, सासू, बहीण, वहिनी, गांवाकडची चुलती किंवा घरीं धुणेंभांडीं करणारी बाई, ह्यांच्यापैकीं कोणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिचा अहवाल मागून वाचावा. अहवाल नसेल तर रुग्णालयांतून त्याची प्रत मिळवावी. सर्व कागद एका पिशवींत ठेवावेत व पुढच्या भेटीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावी. गांवीं आशा कार्यकर्तीस ती तारीख सांगून ठेवावी. तपासणीच्या दिवशीं बरोबर जावें, आणि लघवीचा त्रास, अंगाची आग, पतीशीं शरीरसंबंधांत होणारी वेदना ह्यांविषयीं बोलण्यास तिला धीर द्यावा. ह्या तक्रारींवरहि उपाय आहेत.

श्रोतेहो, ह्या महिन्यांत एवढें एक काम अवश्य करावें : अशी एखादी स्त्री आपल्या माहितींत असेल, तर ती मागें केव्हां तपासून आली, हें तिला विचारावें. उत्तर देतांना ती अडखळली, तर पुढची तारीख आपणच ठरवून द्यावी. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.