नैरोबी रिकाम्या जागी वसलं का?

नैरोबीच्या जन्माची कथा बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात सांगितली जाते: तिथे नुसती दलदल होती, माणसाचा मागमूस नव्हता, मग इंग्रजांची रेल्वे आली आणि शून्यातून शहर उभं राहिलं. यातली रेल्वे खरी आहे. मोंबासाहून १८९६ मध्ये निघालेले युगांडा रेल्वेचे रूळ सुमारे ५२५ किलोमीटर अंतर कापून ३० मे १८९९ रोजी तिथे पोचले. पण इथे राजधानी वसवायची असं तेव्हा कुणी ठरवलेलं नव्हतं. इंग्रजांना व्हिक्टोरिया सरोवर गाठायचं होतं, कारण नाईलच्या उगमाकडचा प्रदेश जर्मनांच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता. गुलामांचा व्यापार संपवण्याचं कारण लंडनमध्ये मोठ्याने सांगितलं जाई, पण त्याचा क्रम दुसरा होता. नैरोबीनंतर किकुयू प्रदेशाची चढण आणि त्यापलीकडे खचदरीचा उतार. त्याआधीची ही शेवटची सपाट, पाण्याची जागा. सामान साठवायला, इंजिनं दुरुस्त करायला, यार्ड पसरायला एवढं पुरेसं होतं. प्रशासनाचं ठाणं तोवर मचाकोसला होतं. रूळ तिथून गेलेच नाहीत, म्हणून अधिकारी रुळांमागे नैरोबीला आले, आणि १९०५ मध्ये मोंबासातली राजधानीही तिथे हलली.

आता राहिलं ते ‘रिकामं’ असणं. घरं दिसली नाहीत, हे इंजिनिअर आणि अधिकाऱ्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं, आणि कथेची बाजू घेणारे बोट ठेवतात ते नेमकं यावरच. पण तिथलं पाणी मसाई गुराख्यांच्या वापरातलं होतं, आणि ही जागा मसाईंची कुरणं व किकुयूंची शेतं यांच्या सीमेवर होती. चराऊ जमिनीचा वापर पक्क्या घरांवरून मोजायला गेलं तर ती कायम ओसाडच दिसणार. दुसरी गोष्ट काळाची. १८९० च्या सुमारास आलेल्या बुळकांडीने मसाईंची बहुतेक गुरं मेली, पाठोपाठ देवीची साथ आली. दशकाच्या शेवटी, म्हणजे रूळ पोचत होते नेमक्या त्याच वेळी, दुष्काळ आणि देवीने दक्षिणेकडचे किकुयू हजारोंनी मेले, उरलेले उत्तरेला नातलगांकडे गेले. इंग्रजांनी पाहिली ती आपत्तीनंतरची जमीन. तिला मुळातच बिनमालकीची समजणं ही साधी चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या समजुतीवर पुढे कायदे उभे राहिले.

जागा शहरासाठी निवडलेली नव्हती, याची किंमत लगेच दिसू लागली. पाण्याचा निचरा होत नसे आणि बाजारात दाटी होती. १९०२ मध्ये प्लेग आला. तो ओळखणाऱ्यांत गोव्याचे डॉक्टर रोझेंदो आयर्स रिबेरो होते. पाळलेल्या झेब्र्यावर बसून रुग्ण पाहायला जाणारे म्हणून ते आजही आठवले जातात, आणि प्लेग ओळखल्याचं श्रेय त्यामानाने मागे पडतं. उपाय म्हणून भारतीय बाजार जाळण्यात आला. शहरच दुसरीकडे न्यावं अशी सूचना वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केली, पण रेल्वेचा पैसा तिथे आधीच गुंतला होता. १९०७ मध्ये वसाहत खात्याचे उपमंत्री चर्चिल येऊन गेले, तोवर जागा बदलायची वेळ टळून गेली होती. मग गाव हलवण्याऐवजी माणसं वेगळी करण्याचा मार्ग निघाला. १९१३ मध्ये प्राध्यापक सिम्पसन यांनी आरोग्याच्या नावाखाली गोरे, आशियाई आणि आफ्रिकी अशा स्वतंत्र वस्त्यांची शिफारस केली. हे सिम्पसन पूर्वी कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते. उंचावरचा, निचऱ्याचा पश्चिम-उत्तर भाग गोऱ्यांकडे गेला. पूर्वेची सखल काळी माती आफ्रिकी कामगारांच्या वाट्याला आली. पावसाळ्यात काळी माती काय करते, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

भारतीयांबद्दलची समजूतही अर्धवट आहे. रेल्वेच्या कामासाठी करारावर आणलेले सुमारे ३२,००० मजूर मुख्यतः पंजाबातले होते, आणि सुमारे २,५०० जण मेले. मजुरांना खाणाऱ्या त्सावोच्या दोन सिंहांची गोष्ट इतकी रंगते की हे सगळे त्यांचेच बळी वाटावेत. ते सिंह मारणाऱ्या पॅटरसन या इंजिनिअरने १३५ चा आकडा दिला, तर सिंहांच्या हाडांच्या व केसांच्या रासायनिक तपासणीवरून २००९ मध्ये केलेला अंदाज ३५ च्या आसपास आहे. बाकीच्यांना आजार आणि अपघातांनी नेलं. बहुतेक मजूर परतले, जेमतेम ६,७०० राहिले. नैरोबीचे दुकानदार म्हणजे त्यांचीच मुलं, हे म्हणून बरोबर नाही. व्यापारी मुख्यतः गुजरातमधून, स्वतःच्या खर्चाने आले.

या साऱ्यावर आक्षेप येतो, की काही झालं तरी रेल्वे नसती तर नैरोबी नसतं. मान्य. पण रेल्वे आधी झाली आणि तिच्या खर्चाची भरपाई करणारं काही दिसेना, म्हणून नंतर गोऱ्या शेतकऱ्यांना बोलावण्यात आलं, हा क्रम या वाक्यात हरवतो. त्यांच्यासाठी १९०४ च्या कराराने मसाईंना खचदरीतल्या कुरणांतून लायकिपियाला हलवलं, आणि १९११ च्या कराराने तिथूनही उठवलं. दुष्काळ सरल्यावर परतलेल्या किकुयू कुटुंबांना नैरोबीलगतच्या कियांबूतल्या आपल्या जमिनीवर नवे मालक दिसले. त्यांचे दावे ऐकायला सरकारी आयोग नेमला गेला तो १९३२ मध्ये, आणि त्याच्या शिफारशींनी गोऱ्यांसाठी राखलेल्या डोंगराळ प्रदेशाची हद्द उलट पक्कीच झाली.