मैदानाची माती, घरातली धूळ आणि व्हॅक्यूम क्लीनर

मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कभोवतीच्या घरांत दोन प्रकारची धूळ साचते. सुमारे 28 एकरांच्या या मैदानातली सुकी लाल माती पावसाळा सरला की वाऱ्यावर उडते आणि खिडकीच्या ग्रीलवर, स्लायडिंगच्या खाचेत, पंख्याच्या पात्यांवर बसते. मैदानात पाणी मारले की ती काही वेळच दबते. दुसरी धूळ घरातच तयार होते: कपड्यांचे तंतू, केस, त्वचेचा कोंडा. व्हॅक्यूम क्लीनर घेताना आधी ही दोन्ही प्रकारची धूळ पाहावी, मग किंमत.

मातीचे जाड कण कोणतेही यंत्र ओढते. खरी अडचण बारीक कणांची आहे. साध्या कापडी पिशवीतून ते आरपार जातात आणि मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत येतात. लादी स्वच्छ दिसते, पण दमेकऱ्याचा खोकला वाढतो. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. मात्र यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर त्याचा उपयोग उरत नाही. खोक्यावर ठळक छापलेले वॅट हे विजेच्या वापराचे असतात, ओढीचे नव्हे. ओढ किलोपास्कलमध्ये मोजतात. जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट पाहावी लागते: 6 अँपिअरचा सॉकेट 230 व्होल्टला 1380 वॅटपर्यंतच भार घेतो, त्याहून मोठ्या यंत्राला 16 अँपिअरचा सॉकेट हवा.

मोझॅक किंवा टाइल्सच्या लादीसाठी मऊ केसांचा रुंद ब्रश योग्य. वेगाने फिरणारा कडक ब्रश गालिच्यासाठी असतो; लादीवर तो रेतीचे कण उडवतो. गादी आणि सोफ्यासाठी लांब नळीचा, जोरदार ओढीचा डबा-क्लीनरच हवा, आणि त्याचे तोंड सावकाश फिरवावे लागते. पुस्तके, तसबिरी आणि पडद्यांना गोल मऊ ब्रश आणि कमी ओढ पुरते. खिडकीच्या खाचेला चपटे, निमुळते तोंड लागते; दिवाळीच्या साफसफाईत सर्वाधिक वेळ खाणारे हे काम त्याने लवकर उरकते.

बॅटरीवर चालणारा काठीसारखा क्लीनर रोजच्या केराला सोयीचा, पण पूर्ण ओढीवर त्याची बॅटरी काही मिनिटांतच उतरते. रोबो मोकळ्या लादीवर चांगला. उंबरठे, वायरी आणि कोपरे त्याला जमत नाहीत. पावसात बाल्कनीत साचलेले पाणी ओढायला ‘वेट अँड ड्राय’ यंत्रच वापरावे, तेही कोरड्या कामाची पिशवी आणि कागदी फिल्टर काढून. फक्त कोरड्या कामाच्या यंत्रात पाणी गेले तर मोटर जळते, विजेचा धक्काही बसू शकतो. नूतनीकरणातली सिमेंटची भुकटी घरगुती यंत्राने ओढू नये. फिल्टर तुंबून मोटर तापते.

धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. मुंबईच्या पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही, म्हणून जादा फिल्टर घरात असावा.

मैदानालगतच्या दोन-तीन खोल्यांच्या घराला एकच यंत्र घ्यायचे असेल, तर हेपा फिल्टरचा डबा-क्लीनर घ्यावा, आणि त्याच्या पिशव्या व फिल्टर दादरच्या दुकानांत मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारावे.