नाव एक, माल वेगळा

सेंद्रिय सौरघटांचा इतिहास टक्क्यांनी सांगायची पद्धत पडली आहे. १९८६मध्ये कोडॅकच्या चिंग तांग यांचा दोन थरांचा घट, कार्यक्षमता जेमतेम १ टक्का. १९९५मध्ये ॲलन हीगर यांच्या गटाने पॉलिमर आणि फुलरीन एकाच द्रावणात कालवून त्याचा थर दिला. २००५च्या सुमारास पीथ्रीएचटी हे पॉलिमर ४-५ टक्क्यांवर गेलं, २०१९मध्ये पीएम६ या पॉलिमरला वाय६ या रेणूची जोड मिळाली आणि आकडा १५ ओलांडून गेला. आता प्रयोगशाळेत २०ची भाषा चालते. आकडे खरे आहेत, पण ते ज्या मालावर मिळाले तो माल नेमका काय होता, हे विचारण्यात हे क्षेत्र फार मागे राहिलं. टिकाऊपणाचा घोळही बराचसा तिथूनच सुरू होतो.

साखरेचा एक रेणू दुसऱ्यासारखाच असतो. पॉलिमरच्या बाटलीत मात्र आखूड-लांब साखळ्यांची सरमिसळ असते आणि लेबलवर लिहिलेला रेणुभार ही फक्त सरासरी. पीथ्रीएचटीचंच बघा. क्लोरोबेंझीनमध्ये ते नारिंगी दिसतं. थर वाळताना साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. बाजूच्या हेक्सिल शेपट्या एकाच दिशेने बसलेल्या नसतील, तर थर नारिंगीच राहतो आणि विद्युतभार त्यातून रडतखडत जातो. नाव मात्र दोन्हींचं एकच! नव्या पॉलिमरांत आणखी भानगडी आहेत: एकाआड एक यायला हवेत असे दोन घटक मध्येच आपल्याच जातभाईला जोडले जातात, शिवाय उत्प्रेरकातलं पॅलेडियम मागे उरतं. रेणुभारही बहुतेकदा पॉलिस्टायरीनच्या मापाने मोजतात. पॉलिस्टायरीन लवचीक, तर ही पॉलिमरं ताठर आणि गठ्ठा करून राहणारी. त्यामुळे आकडा फुगतो.

टिकाऊपणाच्या चाचण्यांना समान भाषा मिळाली ती २०११मध्ये, आयसॉस नियमावलीने. अंधारात, दिव्याखाली, उघड्यावर, उष्णतेच्या चढउतारात घट कसा तपासायचा आणि काय काय नोंदवायचं, हे ठरलं. त्याच वर्षी पीसीडीटीबीटी या पॉलिमरचे काचबंद घट जवळपास सात वर्षं टिकतील असा अंदाज प्रसिद्ध झाला. मोजणी काही महिन्यांची, पुढचं सगळं गणित. अशा गणितात कार्यक्षमतेची सुरुवातीची झपाट्याची घसरण बाजूला ठेवली जाते, जणू ती घटाच्या जन्मजात स्वभावातच आहे. पण २०१४मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी त्याच पॉलिमरमधल्या अशुद्धी काढून टाकल्या, तर ही घसरण बरीच कमी झाली. म्हणजे स्वभाव म्हणून सोडून दिलेला निदान काही भाग भेसळीचा होता.

यावर कुणी म्हणेल, काचेत नीट बंद केलं की झालं. ऑक्सिजन आणि ओल त्याने अडतात. प्रकाश अडवून कसं चालेल, आणि उष्णतेने आतल्या मिश्रणाची घडण बदलायची ती बदलतेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजच्या घटांत पुष्कळदा दोषी पॉलिमर नसून थरात त्याच्यासोबत कालवलेला जोडीदार असतो. बरोबर आहे. आयटिकसारख्या जोडीदार रेणूंमधला दुहेरी बंध घटातल्याच झिंक ऑक्साइडच्या थराच्या सान्निध्यात अतिनील प्रकाशाने तुटतो, हे दिसलेलं आहे. पण दोष जोडीदाराचा की पॉलिमरचा, हे ठरवायला निदान पॉलिमर तरी सगळीकडे तेच हवं. एका प्रयोगशाळेची बाटली आणि दुसरीची बाटली वेगळी असेल, तर दोन आयुर्मानांची तुलना कशाच्या आधारावर करायची? राहिला ‘आधी कार्यक्षमता, मग बाकीचं’ हा युक्तिवाद. संशोधनाला पैसा त्यानेच आला, हे नाकारता येत नाही. पण स्पर्धा २५ वर्षांची हमी देणाऱ्या सिलिकॉनशी होती. ते सिलिकॉन स्वस्त होत गेलं आणि सेंद्रिय सौरघट बनवणारी अमेरिकेतली कोनार्का ही कंपनी २०१२मध्ये दिवाळखोरीत निघाली.

अलीकडे काही शोधनिबंधांत रेणुभार, त्याचा पसारा आणि मालाचा बॅच क्रमांक दिसू लागला आहे. कित्येकांत मात्र पॉलिमरबद्दल अजून एवढंच सापडतं: विकत आणलं, तसंच वापरलं.