मुरुमे आणि खोबरेल तेल

‘‘डॉक्टर, खोबरेल तेल तर नैसर्गिक, ते कसं बाधेल?’’ खरवई-बदलापूर भागात मुरुमे घेऊन आलेल्या मुलींच्या आया हे हमखास विचारतात. खाजकुइलीही नैसर्गिकच आहे!

वयात येताना त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात. ग्रंथीचे तोंड मृत पेशींनी बुजले की तेल आत साचते, जंतू वाढतात व पुटकुळी येते. अशा चेहऱ्यावर आपण आणखी तेल चोळतो. खोबरेलातील लॉरिक आम्ल प्रयोगशाळेत या जंतूंना मारते, हे खरे. पण बाटलीतले तेल म्हणजे सुटे आम्ल नव्हे, आणि छिद्रे बुजवणाऱ्या तेलांत खोबरेल बरेच वर येते. करडई, सूर्यफुलाची तेले त्यामानाने कमी बाधतात, पण ती औषध नव्हेत. कडुनिंबाच्या तेलाने तर पुष्कळांच्या चेहऱ्याची आग होते.

मुरुमे कपाळावर, कानशिलांवर, केसांच्या कडेलगत असतील तर डोक्याच्या तेलाकडे पाहावे. केसांना चोपडायच्या पोमेडमुळे येणाऱ्या अशा मुरुमांचे वर्णन अमेरिकेत 1970 साली प्लेविग, फुल्टन व क्लिगमन यांनी केले. आपल्याकडची तेलाने थबथबलेल्या दोन वेण्यांची शाळकरी मुलगी त्यांनी पाहायला हवी होती! तेल सोडायला नको. न्हाण्याआधी तासभर लावावे, मग केस धुवावेत आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात.

इथल्या कारखान्यांत यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या हातांवर, मांड्यांवर पुटकुळ्या येतात. तिथे दोष खनिज तेलाने भिजलेल्या कपड्यांचा.

मला खरी भीती तेलाची नाही, शेजारणीने सुचवलेल्या ‘गोरे करणाऱ्या’ मलमाची वाटते. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. आठवडाभर चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ व लाल होते, मलम थांबवताच मुरुमे दुपटीने उसळतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, तरी ती वापरलेले चेहरे दवाखान्यात दिसतातच.

साध्या मुरुमांना 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा पातळ थर पुष्कळदा पुरतो. त्याने टॉवेलचा रंग उडतो, म्हणून जुना वापरावा. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर मात्र थांबू नये. त्यांचे व्रण जन्मभर राहतात. मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तपासणी संप्रेरकांचीही करावी लागते.