हज-उमऱ्याची बुकिंग : पक्की पावती घ्या

मलकापुराहून रेल्वेने मुंबई, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग बोट, अशी हजची वाट आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. १९९५ साली 'अकबरी' जहाजाची फेरी शेवटची ठरली. आता सारा प्रवास विमानाने, आणि मध्ये टूरवाला.

बुलढाणा जिल्ह्यातील आपले दुकानदार व कारागीर बंधू कित्येक वर्षांची बचत ओळखीवर, कच्च्या चिठ्ठीवर त्याच्या हाती ठेवतात. दहा रुपयांची उधारी वहीत लिहिणारा माणूस लाखाची पावती मागायला संकोचतो, याचे आम्हास नवल वाटते.

हजसाठी मार्ग दोनच : हज कमिटी ऑफ इंडिया, किंवा अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाकडे नोंदलेली खासगी संस्था. गावातला इसम बहुधा कुणाचा तरी सब-एजंट असतो. मूळ संस्थेचे नाव मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या यादीत पाहावे व रक्कम तिच्याच बँक खात्यात भरावी.

उमऱ्यासाठी अधिक जपावे. 'हरमजवळ' या शब्दावर जाऊ नये. हॉटेलचे नाव, अंतर किती मीटर, एका खोलीत किती जण, विमान थेट की बदलून, रद्द झाल्यास परत किती, हे सर्व लेखी घ्यावे.

आणखी एक. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. पॅन नंबर दिला असेल तर ही रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते. बिनपावतीच्या रोख व्यवहारात तीही मागता येत नाही.